जॉर्ज विंगेट : आण्यांत मोजलेली जमीन

घरात गोराईचा एखादा जुना सातबारा असेल तर काढून बघा. सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार. आपण हे शब्द रोज वापरतो, पण ही मांडणी ज्यांनी घडवली त्यांच्यापैकी एक असलेल्या जॉर्ज विंगेट यांचं नाव मुलांना आपण क्वचितच सांगतो.

विंगेट हे बॉम्बे इंजिनिअर्समधले तरुण लष्करी अधिकारी. त्यांच्या आधी पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने मोजणी केली होती. प्रत्येक जमिनीचं उत्पन्न काढायचं, त्यातून सगळा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याचे 55 टक्के सारा लावायचा, असा त्याचा हिशेब. कागदावर एकदम शास्त्रशुद्ध! पण आकडे एवढे किचकट की तपासणार कोण? हाताखालच्या लोकांनी खोट्या नोंदी केल्या, सारा जड झाला आणि शेतकरी जमिनी टाकून निघून गेले.

1835 मध्ये गोल्डस्मिड यांनी इंदापुरात नव्याने काम सुरू केलं आणि लवकरच विंगेट त्यांना येऊन मिळाले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. साखळी 33 फुटांची आणि तिचे भाग सोळा, म्हणजे आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. 33 गुणिले 33 म्हणजे 1089 चौरस फूट, हे मुलांकडून फळ्यावर करून घ्या. रुपयाचे सोळा आणे ज्याला कळतात, त्याला हा हिशेब कळायचाच.

खरी गंमत प्रतवारीत आहे. शेताची आकृती काढायची, आडव्या-उभ्या रेषांनी तिचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात खणून बघायचं. उत्तम माती पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे. उतार, वाळू, पाणी साचणं असे सात दोष ठरलेले. एक दोष निघाला की प्रत एक पायरी खाली, सोळाची चौदा. शेवटी सगळ्या चौकोनांची सरासरी काढायची. सारा तीस वर्षांसाठी कायम. इंदापुरात पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली येऊ लागली. 1847 च्या संयुक्त अहवालात हे नियम पक्के झाले आणि ही पद्धत पुढे कोकणातही आली.

विंगेट यांनी मोजणीपाशीच डोळे मिटले नाहीत, हे मला जास्त मोलाचं वाटतं. सारा हलका झाला तरी सावकार आणि कोर्ट मिळून शेतकऱ्याला बुडवतील, असा इशारा त्यांनी 1852 मध्ये सरकारला दिला. तो कोणी मनावर घेतला नाही. 1875 मध्ये सुप्यात दंगे झाले आणि कर्जखतं जाळली गेली. 1859 मध्ये त्यांनी हिंदुस्थानातून इंग्लंडला जाणाऱ्या पैशावर टीका करणारं पुस्तक लिहिलं. पुढे दादाभाई नौरोजींनी त्याचा आधार घेतला.

आता संगणकाकडे या. उपग्रहाचं चित्रसुद्धा चौकोन आणि चौकोनात आकडाच असतं. मात्र कोट्यवधी चौकोन साध्या मजकुरात लिहिले तर फाइल फुगते, म्हणून तिथे जिओटिफ बरं. शाळेच्या कामाला एवढं लागत नाही. गोराईची खाडी, खारफुटी, शेतं, विहिरी यांची यादी करायची असेल तर नाव, अक्षांश, रेखांश असे तीन रकाने करा आणि सीएसव्हीमध्ये साठवा. ती फाइल कुठल्याही संगणकावर उघडते, चुकलेला आकडा डोळ्यांना दिसतो आणि दहा वर्षांनी अॅप बंद पडलं तरी यादी वाचता येते. शेताची हद्द काढायची असेल तेव्हा मात्र जिओजेसन घ्या, कारण एका बिंदूत बांध मावत नाही.

सुरुवात चौकटीच्या वहीवरच करा. दहा बाय दहा चौकोन, खारफुटीला ख, शेताला श, घराला घ. वर्गातले दोन गट एकच भाग वेगवेगळा भरतील आणि भांडतील. त्यांना भांडू द्या, मग दोन्ही वह्या घेऊन जागेवर जाऊन बघायला सांगा.