नाईक यशवंत घाडगे

रायगड जिल्ह्यातील माणगाव हे मुंबई-गोवा महामार्गावरील तालुक्याचे गाव. तेथे एका तरुण सैनिकाचा पुतळा उभा आहे. तो नाईक यशवंत घाडगे यांचा. वयाच्या तेविसाव्या वर्षी, मायभूमीपासून हजारो मैलांवर, इटली देशातील एका डोंगराळ प्रदेशात त्यांनी देह ठेवला.

यशवंतांचा जन्म 16 नोव्हेंबर 1921 रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. त्या काळी हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. येथील शेती बहुधा पावसावर अवलंबून. भाताचे एक पीक हाती आले की वर्षभराची तोंडमिळवणी करताना कुटुंबाची दमछाक होई. म्हणून घरातील कर्ता मुलगा एक तर मुंबईच्या गिरणीची वाट धरी, नाही तर पलटणीची. यशवंत पलटणीत गेले. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते दाखल झाले आणि पुढे नाईक या हुद्द्यावर चढले. नाईक म्हणजे दहाएक शिपायांच्या तुकडीचा म्होरक्या. घरी पत्नी लक्ष्मीबाई होत्या.

दुसऱ्या महायुद्धाचा वणवा तेव्हा पेटलेला होता. हे युद्ध हिंदुस्थानने आपण होऊन पुकारलेले नव्हते. देश पारतंत्र्यात होता, आणि 1942 साली तर इंग्रजांनी चालते व्हावे म्हणून सारा देश खवळून उठला होता. तरीही सुमारे पंचवीस लाख हिंदी जवान त्या युद्धात लढले. त्यांच्या शौर्याची कथा सांगताना हा पेच झाकून ठेवू नये, असे मला वाटते.

1943 च्या सप्टेंबरात दोस्त सैन्य इटलीच्या मुख्य भूमीवर उतरले. पुढच्या जूनमध्ये रोम शहर पडले, पण जर्मन सैन्याने हार मानली नाही. ते उत्तरेकडे हटत असता टेकडी-टेकडीवर ठाण मांडून वाट अडवीत होते. रोममधून वाहणाऱ्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ही झुंज चालू असता 10 जुलै 1944 चा दिवस उजाडला.

त्या दिवशी यशवंतांची तुकडी शत्रूच्या ठाण्यावर चाल करून गेली. इतक्यात अगदी जवळून मशीनगनचा भडिमार सुरू झाला. क्षणार्धात तुकडीतील सारे जवान ठार वा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे यशवंत! मागे वळले असते तरी कोणी बोल लावला नसता. ते सरळ त्या मशीनगनवर धावून गेले. प्रथम त्यांनी हातगोळा फेकला, तेव्हा तोफ आणि ती चालविणारा सैनिक दोन्ही निकामी झाले. मग आपल्या बंदुकीने त्यांनी आणखी एकाला टिपले. दोघे अजून उरले होते आणि बंदुकीतील गोळ्या तर संपल्या! नव्या गोळ्या भरण्यास सवड कोठली? त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि तिच्या दस्त्याचे घाव घालून त्या दोघांना लोळविले. ठाणे एकट्याने जिंकले. पण दबा धरून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांच्या छातीवर आणि पाठीवर गोळ्या झाडल्या. जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांचा अंत झाला.

या पराक्रमाबद्दल त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. इंग्रजी अमदानीतील शौर्याचा हा सर्वोच्च सन्मान. 1911 पूर्वी हिंदी शिपायांना तो मिळतच नसे. 1945 साली दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाइसरॉय वेव्हेल यांनी ते पदक लक्ष्मीबाईंच्या हाती दिले. कोकणातील एका खेड्यातील ती तरुण विधवा. दिल्ली कोठे आणि पळसगाव कोठे! हे पदक सोन्याचे वा रुप्याचे नसते. ते साधे ब्राँझचे असते. त्याच्या मागील बाजूस पराक्रमाची तारीख कोरलेली असते. लक्ष्मीबाईंच्या पदरी आलेल्या पदकावरील तारीख हीच त्यांचे कुंकू पुसले गेल्याची तारीख होती.

पुढच्याच वर्षी, एप्रिल 1945 मध्ये, त्याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमधील नामदेव जाधव यांनी इटलीतच हा सन्मान मिळविला. ते मात्र सुखरूप घरी परतले.

यशवंतांची समाधी कोठेही नाही. ज्यांच्या समाधीचा ठावठिकाणा नाही अशा हजारो सैनिकांची नावे इटलीतील कासिनो येथील स्मारकावर कोरली आहेत; त्यांत त्यांचे नाव आहे. जुलै 2023 मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर एकोणऐंशी वर्षांनी, टायबरच्या खोऱ्यातील मोंतोने या डोंगरी गावात त्यांच्या नावे एक स्मारक उभे राहिले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा आशयाचे लॅटिन वचन त्यासाठी निवडले आहे. हे स्मारक म्हणजे छायेवरून वेळ दाखविणारे घड्याळ आहे. ज्या मुलखात यशवंत पडले, तेथील लोक आता त्यावर दिवसाचे प्रहर पाहतात.