डॉ. लूसी विल्स आणि गिरणीतल्या गरोदर बायका

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये १९२८ साली एक इंग्रज डॉक्टरीणबाई दाखल झाल्या. वय चाळीस. मुंबईत गरोदर बायकांचा जीव घेणाऱ्या रक्तक्षयाचे कारण शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. रक्तशास्त्राच्या इतिहासात आदराने घेतले जाणारे डॉ. लूसी विल्स हे नाव येथूनच मोठे झाले.

त्यांचा जन्म १० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र शिकून १९११ मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र मिळाली नाही; स्त्रियांना पदवी द्यायला केंब्रिजला १९४८ साल उजाडावे लागले! पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत रुग्णसेवा करून त्या वैद्यकाकडे वळल्या आणि १९२० मध्ये लंडनमध्ये डॉक्टर झाल्या.

तांबड्या पेशी हाडांच्या मज्जेत जन्म घेतात, सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात हिमोग्लोबिनच्या जोरावर फुप्फुसातला प्राणवायू अंगभर वाहून नेतात. निरोगी स्त्रीच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या ४५ लाखांच्या आसपास असतात. मुंबईच्या या रोगी बायकांत त्यांची संख्या अगदी रोडावलेली असे, आणि ज्या उरत त्या आकाराने भलत्याच मोठ्या असत. रोग जंतूंमुळे होतो की काय, अशीही शंका होती. बाईंचे लक्ष मात्र रोग्यांच्या ताटाकडे गेले. रोग होता तो गरीब घरांत, कापडगिरण्यांत राबणाऱ्या बायकांत. त्यांच्या जेवणात भाजीपाला, फळे, दूध, मांस नावालाच.

यकृत खाऊन घातक पांडुरोग हटतो, हे अमेरिकेत १९२६ मध्ये सिद्ध झाले होते. पण गिरणीतल्या बाईला रोज कलेजी कोठून परवडणार? विल्सबाईंनी माकडांना या बायकांसारखाच निकस आहार दिला. त्यांनाही तसाच रक्तक्षय झाला. मग त्यांना मार्माइट दिले, आणि रक्त सुधारले. मार्माइट म्हणजे बीअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टचा स्वस्त अर्क. तोच रोगी बायकांना दिला, तेव्हा त्याही भराभर बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये हे संशोधन ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले.

पुढे असेही दिसले, की शुद्ध केलेला यकृताचा अर्क घातक पांडुरोगावर चालतो, या बायकांवर चालत नाही. म्हणजे गुणकारी द्रव्य निराळेच. ते काय, हे ठाऊक नसल्यामुळे त्याला ‘विल्स घटक’ म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून फॉलिक अ‍ॅसिड वेगळे केले गेले, आणि ते कृत्रिमरीत्या बनवणाऱ्या लेडर्ले प्रयोगशाळेतील गटाचे नेतृत्व आपल्या आंध्रच्या यल्लाप्रगडा सुब्बारावांकडे होते. विल्स घटक तो हाच. याच्यावाचून मज्जेतली पेशी वाढते, पण तिचे विभाजन अडते. मोठ्या पण थोड्या पेशींचे कोडे असे उलगडले.

विल्सबाई अविवाहित राहिल्या. निवृत्तीनंतरही जमैका, फिजी येथे आहार आणि रक्तक्षय यांचाच अभ्यास चालू होता. शिवाय लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेविका म्हणूनही त्यांनी काम केले. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. गर्भारपणाच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूचे जन्मजात व्यंग बहुतांशी टळते, हे ब्रिटिश संशोधकांनी सिद्ध केले ते १९९१ साली.