नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस

नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस (जन्म : १८५९, मृत्यू : १९३६) हे भूचुंबकत्वाचे अभ्यासक व मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक होते. १८९६ मध्ये त्यांनी वेधशाळेची सूत्रे स्वीकारली.

कुलाब्यास १८४६ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नियमित नोंद होत होती. मूस यांच्या जन्मवर्षी, सप्टेंबर १८५९ मध्ये, झालेल्या प्रचंड सौर वादळाची नोंदही तीत आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या. रुळांतून जमिनीत शिरणारा विद्युतप्रवाह वेधशाळेतील चुंबकसूची हलवतो. मग सूर्याचा परिणाम कोणता आणि ट्रामचा कोणता, हे सांगता येत नाही. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला, चुंबकीय गुणधर्म नसलेल्या दगडाच्या वास्तूत, नवी वेधशाळा सुरू झाली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेतले गेले. हा सावधपणा मोलाचा ठरला; जुन्या व नव्या आकड्यांचा सांधा जुळला. १९०७ मध्ये ट्राम धावली.

१९१० मध्ये मूस यांनी कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या काळातील नोंदी दोन भागांत प्रसिद्ध केल्या. त्यात अनेक चुंबकीय वादळे त्यांनी प्रत्येकाच्या प्रारंभापासून तास मोजून एकत्र अभ्यासली. क्षितिजसमांतर बल प्रथम थोडे वाढते, नंतर बरेच घटते आणि सावकाश पूर्ववत होते, असे त्यांना आढळले. सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांनी हे क्षेत्र आधी दाबले जाते व मग पृथ्वीभोवतीचा वलयाकार प्रवाह बळावतो, हे त्याचे कारण पुढे उलगडले. सिडनी चॅपमन यांनी याच पद्धतीचा विस्तार केला.

अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे असून तेथे नोंदी चालू आहेत.