हजेरीतल्या माणसांचा लेखक

मैत्रिणींनो, आज जे लिहिते आहे ते इतकी वर्षं मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या घरातल्यांना माहीत आहे, पण तेही त्यावर बोलत नाहीत.

माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर सांगलीचं. लग्नानंतरची दुसरी दिवाळी होती. पाडव्याच्या सकाळी माझ्या कानातली एक कुडी सापडेना. आईने हौसेने केलेल्या मोत्याच्या कुड्या त्या! घरभर शोधाशोध झाली. देवघर, न्हाणीघर, अंथरुणं, सगळं उलथंपालथं केलं. आणि मग सगळ्यांच्या मनात एकच नाव आलं, भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं. त्या गावाबाहेरच्या वस्तीतून यायच्या, एवढाच काय तो पुरावा. कुणी काही बोलायच्या आत मीच पुढे झाले आणि त्यांची पिशवी दारातच झाडून दाखवायला लावली. पिशवीतून दोन चकल्या आणि मुलासाठी घेतलेली टिकल्यांची डबी निघाली. मावशींनी सगळं परत पिशवीत भरलं आणि निमूट निघून गेल्या.

कुडी दुसऱ्या दिवशी गोधडीच्या घडीत सापडली.

मावशी पुन्हा कामाला आल्या नाहीत. राहिलेला पगार न्यायलाही आल्या नाहीत. त्यानंतर काही दिवसांनी वाचनालयातून माझ्या हाती ‘फकिरा’ आली. नाव ऐकून होते, पण वाचली नव्हती. त्या कादंबरीने मला जे सुनावलं, ते घरातल्या कुणी सुनावलं नसतं. म्हणून आज ती लिहिणाऱ्या अण्णाभाऊ साठ्यांविषयी सांगायचं आहे.

आधी थोडं आमच्या वाचनाविषयी. माहेरी रहस्यकथांचं भारी वेड. बाबूराव अर्नाळकरांचे झुंझार आणि काळापहाड आमच्या घरात पाहुण्यांसारखे मुक्कामाला असायचे. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या आणि अख्ख्या महाराष्ट्राला वाचायची सवय लावली. कुकर लावायचा आणि शिट्ट्या होईपर्यंत चार पानं वाचायची, हा आईचा नेम होता. त्या पुस्तकांत एक बरं असतं. गुन्हा होतो, हुशार माणूस माग काढतो आणि शेवटच्या पानावर गुन्हेगार सापडतो. आपण पुस्तक मिटून निवांत झोपतो.

अण्णाभाऊंच्या पुस्तकांतही दरोडे आहेत, पोलीस आहेत, पाठलाग आहे, फितुरी आहे. रात्र रात्र जागून वाचावं असं सगळं आहे. पण तिथे गुन्हेगार कोण हे पहिल्याच पानाआधी सरकारने ठरवून टाकलेलं असतं. माणूस जन्माला आला की त्याच्या कपाळावर शिक्का बसतो. आणि आपण पुस्तक वाचताना शोधत राहतो, की खरा गुन्हा केला कुणी?

हे त्यांनी कल्पनेने रचलेलं नव्हतं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू केला. एखाद्या जातीची अख्खी माणसं त्यात चोर ठरायची. मग त्यांनी ठरल्या वेळी हजेरी द्यायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. पाहुण्याला जायचं तरी परवानगी. हजेरी चुकली की शिक्षा. विचार करा, घरात बाळंतीण आहे, पोर तापाने फणफणलंय, तरी घरच्या माणसाने आधी हजेरी द्यायला पळायचं. स्वातंत्र्य मिळाल्यावरही हा कायदा लगेच गेला नाही. तो १९५२ साली रद्द झाला. कागदावरचा कायदा गेला, मनातला किती गेला, ते माझ्या कुडीने दाखवलंच.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. साताऱ्याहून सांगलीला एस.टी.ने येताना कराड सोडलं की कासेगाव लागतं, तिथून आत वाटेगाव आहे. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे अण्णाभाऊ साताऱ्याचे की सांगलीचे, यावर आमच्या घरी माहेर-सासरचं लटकं भांडण होतं. मी म्हणते, माझ्यासारखेच, दोन्हीकडचे.

नाव तुकाराम, वडील भाऊराव, आई वालुबाई. मातंग समाजातलं घर. दोर वळणं हा परंपरागत धंदा आणि पोटाला कायमचा चिमटा. या भागात फकिराची कथा सगळ्यांना माहीत होती. दुष्काळात सरकारी धान्य आणि खजिना लुटून उपाशी लोकांना वाटणारा, इंग्रजांना जेरीस आणणारा हा माणूस अण्णाभाऊंच्या नात्यातलाच. असं सांगतात, की अण्णाभाऊ जन्मले तेव्हा फकिरा रात्री येऊन बाळंतिणीसाठी ओंजळभर रुपये ठेवून गेला होता. सरकारदरबारी तो दरोडेखोर, आणि वालुबाईंच्या घरी तोच बाळाच्या जन्माला धावून आलेला नातलग. एकाच माणसाची ही दोन चित्रं अण्णाभाऊ कळत्या वयापासून ऐकत होते.

शाळा मात्र नशिबी नव्हती. जेमतेम दीड दिवस शाळेत गेले. तिथे मिळालेली वागणूक अशी होती, की पुन्हा पाऊल टाकलं नाही. १९३१ च्या सुमाराला हे कुटुंब पोटासाठी मुंबईला निघालं, तेही पायी! गाडीभाड्याला पैसे कुठले? वाटेत मिळेल ते काम करायचं, चार दिवस थांबायचं, पुन्हा चालायला लागायचं. आपण वाटेगाव ते मुंबई हा रस्ता आता एका दिवसात करतो. वालुबाईंनी तो लेकरांना सांभाळत, डोक्यावर बिऱ्हाड घेऊन केला. लेखकांच्या चरित्रांत अशा आयांना एखादी ओळ मिळते. मला मात्र ‘फकिरा’तली खंबीर आई राधा वाचताना वालुबाईच दिसतात.

मुंबईत अण्णाभाऊंनी कोळसे वेचले, फेरीवाल्याची गाठोडी वाहिली, गिरणीत काम केलं. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या पोस्टरांवरून. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कामगार चळवळीतली माणसं भेटली आणि वाचनाचा नाद लागला. मध्यंतरी गावी परतले, तमाशाच्या फडात रमले. १९४२ च्या चळवळीत सातारा पेटला तेव्हा त्यातही उतरले. वॉरंट निघालं, तेव्हा पुन्हा मुंबई गाठली. म्हणजे बघा, ज्यांच्या कथा पुढे लिहायच्या होत्या त्यांच्यासारखंच पोलिसांना चुकवत फिरणं त्यांच्याही वाट्याला आलं.

१९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. स्टालिनग्राडचा पोवाडा, मुंबईची लावणी, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली गाणी यांनी त्यांना लोकशाहीर केलं. हा भाग आपण सगळ्याच ऐकून आहोत. पण रात्री, चळवळीची कामं आटोपल्यावर, ते कादंबऱ्या लिहीत होते. त्याबद्दल कमी बोललं जातं.

लिहीत कुठे होते? घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत. त्या झोपडीत ना टेबल ना शांतता. भोवती दारिद्र्य, भांडणं, रडणारी पोरं. त्यातून पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, भरपूर कथा, लोकनाट्यं, पोवाडे आणि एक प्रवासवर्णन बाहेर पडलं. दीड दिवसाच्या शाळेवर हं! स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवून लिहिणारी एखादी वाचक हे वाचत असेल, तर तिला यातलं मोल वेगळं सांगायला नको.

‘फकिरा’ १९५९ मध्ये आली. प्रस्तावना लिहिली वि. स. खांडेकरांनी, आमच्या सांगलीतच जन्मलेल्या मोठ्या लेखकाने. अर्पण केली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला. १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. कादंबरीत फकिराचा बाप राणोजी गावाला जत्रेचा मान मिळावा म्हणून जोगणी आणायला जातो आणि जीव गमावतो. गावासाठी मरणाऱ्याचा मुलगा पुढे हजेरीत अडकतो, दुष्काळात उपाशी माणसं बघून बंड करतो. तो लुटतो, पण गरिबाला आणि बाईमाणसाला हात लावत नाही. अखेर सरकार त्याच्या जातीच्या बायकापोरांना डांबून ठेवतं आणि त्यांच्यासाठी फकिरा स्वतः होऊन हजर होतो. गुन्हेगार म्हणून नोंदलेला माणूस दुसऱ्यांच्या सुटकेसाठी स्वतःला बांधून देतो, आणि निरपराध लेकरं कोंडणारे कायद्याचे रखवालदार म्हणवतात. तिथे मला पुढे वाचवेना. दारात झाडलेली ती पिशवी डोळ्यांपुढून हलेना.

‘वारणेचा वाघ’मध्येही असाच एक बंडखोर आहे, सत्तू भोसले. पण अण्णाभाऊंनी फक्त बंडखोर पुरुषच रंगवले असं नाही. ‘वैजयंता’मध्ये तमाशातल्या बाईचं दुखणं आहे. ‘चित्रा’मध्ये मुंबईच्या बाजारात ढकलली जाणारी आणि त्याविरुद्ध उभी राहणारी मुलगी आहे. ज्या बायकांकडे बघून आपण पदर सावरून पुढे जातो, त्यांना त्यांनी नायिका केलं. त्यांच्या नायिका रडत बसत नाहीत, हे विशेष.

आता या लेखनाच्या व्यवहाराचं बघू. पुस्तकं खपत होती. वाचनालयांत हातोहात जात होती. सिनेमे निघत होते. ‘वैजयंता’, ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’ पडद्यावर आले. ‘अलगूज’ या कादंबरीवरून ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’ निघाला. ‘चित्रा’ रशियन भाषेत गेली. १९६१ मध्ये ते स्वतः रशियाला जाऊन आले आणि त्यावर पुस्तक लिहिलं. २ मार्च १९५८ ला मुंबईत झालेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं. एवढा मान! पण परदेशातून परतलं की पाय वळायचे ते पुन्हा चिरागनगरच्या झोपडीकडेच. लेखन छापून कमावणारे कमावत होते, लिहिणारा मात्र घासाला महाग. आपल्या कामाचा दाम मागून घेणं सगळ्यांना जमत नाही. घरी बसून पापड लाटणाऱ्या, शिवण करणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणींना हा अनुभव आहेच की.

शेवटची वर्षं फार ओढगस्तीची आणि एकाकी गेली. चळवळ पांगली, तब्येत ढासळली. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात १८ जुलै १९६९ ला ते गेले. वयाची एकोणपन्नास वर्षं पुरी व्हायला चौदा दिवस कमी होते. पुढे कौतुक झालं. २००२ मध्ये टपाल तिकीट निघालं. २०२२ मध्ये मॉस्कोला त्यांचा पुतळा बसला. हयातीत ज्याला धड घर मिळालं नाही, त्याला इतक्या दूर जागा मिळाली. आनंद वाटतो आणि वाईटही वाटतं.

माझ्या गोष्टीचं राहिलं. ‘फकिरा’ वाचून संपवली आणि मी पत्ता काढत मावशींच्या वस्तीत गेले. राहिलेला पगार दिला, चूक झाली म्हणून हात जोडले. त्यांनी पैसे मोजून घेतले. मला बसायला पोतं अंथरलं, चहा केला. पण परत कामाला या, असं मी म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. मला तेव्हा राग आला होता, आता येत नाही. माफी मागितली की सगळं पूर्ववत व्हायलाच हवं, असं थोडंच आहे?

ती कुडी मी त्यानंतर घातली नाही. लेकीच्या लग्नात तिला द्यायला काढली, तेव्हा तिला ही सगळी हकिगत सांगितली आणि सोबत ‘फकिरा’ही दिली. दरवर्षी १ ऑगस्टला सांगलीत अण्णाभाऊंच्या जयंतीच्या मिरवणुका निघतात, हलगी कडाडते. आपण गॅलरीतून बघतो आणि आत येऊन कामाला लागतो. यंदा तेवढ्यावर थांबू नका. वाचनालयात जाऊन त्यांचं एखादं पुस्तक मागा, जमलं तर विकत घ्या, भिशीच्या दिवशी चौघींत वाचा.

आणि घरात कधी काही हरवलं, तर आधी गोधडी झटकून बघा.