अर्धवट राहिलेला प्रबंध

मैत्रिणींनो, आमच्या गल्लीत एक वहिनी राहतात. लग्नाआधी त्या अर्थशास्त्रात एम.ए. करत होत्या. लघुप्रबंधाची तीन प्रकरणं लिहून झाली आणि लग्न ठरलं. मग सासर, मग दोन बाळंतपणं, मग सासऱ्यांचं आजारपण. ते कागद अजून लोखंडी पेटीत शालूच्या खाली ठेवलेले आहेत. मागच्या महिन्यात बचत गटाची बैठक आटोपल्यावर चहा पिताना त्यांनी हे सहज सांगितलं आणि लगेच हसण्यावारी नेलं. मला मात्र त्या संध्याकाळी पोळ्या लाटताना सारखे बाबासाहेब आठवत होते. त्यांचाही प्रबंध असाच मध्ये राहिला होता, चांगली तीन-चार वर्षं.

बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्याला राज्यघटना आठवते, चवदार तळं आठवतं, दीक्षाभूमी आठवते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात गावोगावी त्यांची जयंती होते, घरात फोटो असतो. पण त्यांचा मूळ अभ्यास होता पैशाचा, हे आपल्या फारसं लक्षात नसतं. सरकारचा जमाखर्च, कर, रुपयाची किंमत, हे त्यांचे विषय. मी मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालेली, आकडे दिसले की पान उलटणारी. तरी हे सगळं मला समजून घ्यावंसं वाटलं.

१९१३ साली वडील रामजी वारले आणि त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळून ते अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे १९१५ साली एम.ए. झाले. त्यासाठी लिहिलेला प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची आर्थिक व्यवस्था यावर होता. मग १९१६ च्या ऑक्टोबरात लंडन. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एम.एस्सी.साठी नाव घातलं, एकीकडे बॅरिस्टरीसाठीही. काम नीट रुळावर आलं आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली! पैसे नाहीत म्हणजे परत यावंच लागणार. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्यामुळे एवढं झालं की १९१७ च्या ऑक्टोबरपासून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करायची विद्यापीठाने परवानगी दिली.

तेव्हा पहिलं महायुद्ध चाललेलं. बाबासाहेब एका बोटीने आले, सामान दुसऱ्या बोटीने पाठवलं. ती सामानाची बोट पाणबुडीने बुडवली. किती पुस्तकं, किती टिपणं गेली असतील! आपली एक वही हरवली तर आपण दिवसभर घर डोक्यावर घेतो. सामानाची जी नुकसानभरपाई मिळाली, त्याच पैशावर ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले, असं चरित्रात आहे.

बडोद्याला काय झालं ते बहुतेकींना माहीत आहे. कचेरीतले शिपाई फाइली दुरून फेकत, प्यायला पाणी मिळत नसे, राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहात राहिले तर तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. मुंबईला परतले. मग त्यांनी शेअर्सचा धंदा करणाऱ्यांना सल्ला देण्याचं काम सुरू केलं. सल्ला चांगला असायचा, पण सल्ला देणारा कोणत्या जातीचा हे कळलं आणि गिऱ्हाइकं यायची थांबली. पैशाचा हिशेब करायला आलेल्या माणसाने जातीपुढे स्वतःचा फायदा सोडावा, याला काय म्हणावं? १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार महिना साडेचारशे. तिथेही स्टाफरूममधल्या पाण्याच्या भांड्यावरून कुरबुर झालीच.

मी हे सगळं आमच्या वहिनींना सांगत होते. त्यांनी मध्येच विचारलं, मग घर कोण चालवत होतं?

घर रमाबाई चालवत होत्या. दाभोळच्या बाजूची, वणंद गावची ही मुलगी. लहानपणीच आईवडील गेलेले. परळच्या चाळीत दोन खोल्यांत संसार, सोबत विधवा जाऊ लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद. साडेचारशे रुपये त्या काळी लहान रक्कम नव्हती, पण त्यातला ठराविक हिस्सा घरखर्चाला आणि बाकी लंडनसाठी बाजूला. म्हणजे नवरा प्राध्यापक आणि बायको पै-पै मोजणारी. आपण रमाई म्हणतो, त्यागमूर्ती म्हणतो, आणि तिथेच थांबतो. मला वाटतं त्यांच्या हिशेबालाही दाद द्यायला हवी. तो पैसा नुसता मिळवून साठत नाही, घरात कुणीतरी तो खर्चायचा थांबवावा लागतो.

१९२० च्या जुलैमध्ये बाबासाहेब पुन्हा निघाले. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये. इकडे घरात पुन्हा तीच चाळ आणि तीच काटकसर. लंडनमध्येही हात आखडताच. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी दार उघडायच्या वेळी हजर, बंद होईपर्यंत तिथेच. दुपारचं जेवण जवळजवळ नाहीच. रात्री अभ्यास करताना भूक लागली की कुणी ओळखीच्याने दिलेले पापड भाजून खायचे. लंडनमध्ये पापड! वाचलं तेव्हा मला आपलं वाळवणच आठवलं.

आता प्रबंधाचा विषय. नाव लांबलचक आहे, 'प्रॉव्हिन्शियल डिसेंट्रलायझेशन ऑफ इम्पीरियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया'. पण गोष्ट आपल्या घरातली आहे. एकत्र कुटुंबात किल्ल्या सासूच्या कमरेला. सगळी मिळकत तिच्याकडे, आणि मिठापासून सगळं तिला मागायचं. मग सून काटकसर कशाला करेल? वाचलं तरी तिचं नाही. इंग्रजांच्या राज्यात १८३३ पासून प्रांतांची गत अशीच होती. पुढे लॉर्ड मेयोने ठरवलं की पोलीस, शाळा, दवाखाने, रस्ते अशी काही खाती प्रांतांनी सांभाळावीत आणि त्यासाठी त्यांना ठरीव रक्कम द्यावी. १८७१ पासून ते सुरू झालं. हा मेयो आपल्याला अगदीच परका नाही. १८७० साली खामगावचा कापसाच्या रेल्वेचा फाटा सुरू करायला हाच आला होता! या योजनेतून प्रांतांच्या हातात खरंच किती आलं आणि वरच्यांनी किती दाबून ठेवलं, हे बाबासाहेब वर्षावर्षाचे जमाखर्च काढून तपासत होते.

१९२१ च्या जूनमध्ये हा प्रबंध मंजूर झाला आणि ते एम.एस्सी. झाले. मुदत संपायला तेव्हा चारच महिने उरले होते.

लगेच पुढचा, डी.एस्सी.चा प्रबंध, रुपयाच्या प्रश्नावर. १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या आणि रुपयाचा दर आपल्या हातात घेतला. बाबासाहेबांचं म्हणणं असं की सरकारला हवे तेवढे रुपये पाडता आले तर महागाई वाढते आणि गरिबाच्या हातातला रुपया झिजतो, म्हणून रुपये पाडण्यावर पक्की मर्यादा हवी. परदेशी जाणारा कापूस पिकवणाऱ्या आपल्या वऱ्हाडाला रुपयाच्या दराचं महत्त्व कुणी सांगायला नको. १९२२ मध्ये प्रबंध दिला, पण परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितलं. पैसे पुन्हा संपलेले. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला आले, त्याच चाळीत बसून दुरुस्त्या केल्या आणि प्रबंध लंडनला पाठवला. वर्षअखेरीस पदवी मिळाली, पुस्तकही छापून आलं. कॅनन सरांनी प्रस्तावना लिहिली आणि तिच्यात विद्यार्थ्याशी असलेला मतभेदही मोकळेपणाने मांडला. १९२५ साली चलनाच्या प्रश्नावर इंग्रजांनी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली ती याच अभ्यासाच्या जोरावर.

रुपयावरचं पुस्तक त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केलं. प्रांतांच्या जमाखर्चावरचं १९२५ चं पुस्तक सयाजीरावांना. या वर्षांच्या आगेमागे रमाबाईंनी एकामागून एक मुलं गमावली. पाचांपैकी एकटे यशवंतराव जगले. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात रमाबाई गेल्या. १९४० च्या अखेरीस पाकिस्तानच्या प्रश्नावरचं पुस्तक निघालं, ते बाबासाहेबांनी रमाबाईंच्या स्मृतीला अर्पण केलं. त्यांना जाऊन तेव्हा पाच वर्षं होऊन गेली होती.