कल्याणची डॉक्टरीण : आनंदीबाई जोशी

आपल्या कामतघरहून कल्याण काही लांब नाही. दुर्गाडीचा पूल ओलांडला की आलेच. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर त्याच कल्याणचे. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. त्यांना पदवी मिळाली हे सगळ्यांना पाठ असते. मला मात्र त्यांचे कॉलेजातले पहिले वर्ष जास्त मोठे वाटते, म्हणून तेच जरा सविस्तर लिहिते.

नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. नवरा गोपाळराव, पोस्टात कारकून, वयाने वीसेक वर्षांनी मोठे. बायको शिकलीच पाहिजे हा त्यांचा हट्ट. अभ्यास चुकला की मारीतसुद्धा. गोपाळरावांचे सगळे कौतुक करतात, पण हे मारणे मला पटत नाही. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. तेव्हा बायका पुरुष डॉक्टरला दुखणे सांगायला लाजत, अंगावरच काढत. आपणच डॉक्टर व्हायचे, असे त्यांनी ठरवले.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. गोपाळराव सोबत नव्हते. ४ जूनला न्यूयॉर्क आले. तिथे कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी नेले. त्यांची ओळख तोवर नुसती पत्रांतली! मग फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात नाव घातले. कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडलेबाई. तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची मदत मिळाली.

आता गंमत बघा. डॉक्टरीला गेले की लगेच नाडी बघायची, असे आपल्याला वाटते. तसे नसते. आधी हाडे, स्नायू, शिरा यांची नावे पाठ करायची, प्रेत फाडून आतले बघायचे, शिवाय रसायनशास्त्र. आजही आपल्या ठाणे जिल्ह्यात कळव्याच्या मेडिकल कॉलेजात नवी मुले पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हेच शिकतात. त्यात आनंदीबाईंना सारे इंग्रजीतून, आणि वय अठरा. सोवळ्याओवळ्याच्या घरातली मुलगी प्रेताला हात लावते, हे तेव्हा आपल्याकडे कोणाला सहन झाले असते?

बाहेर बर्फ. नऊवारीत पाय उघडे पडत, म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या, पण साडी सोडली नाही. मांसाहारही केला नाही. त्या थंडीत खोकला लागला, तब्येत खालावत गेली. तरी अभ्यास सुटला नाही. जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबुली यासुद्धा अशाच दूरदेशाहून आलेल्या. आपापल्या देशी पोशाखातला तिघींचा १८८५ चा फोटो आहे. तो जरूर बघा.

११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या. प्रबंध होता हिंदू लोकांतल्या बाळंतपणशास्त्रावर. पदवीदान बघायला पंडिता रमाबाई हजर होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांचा वॉर्ड त्यांच्याकडे सोपवायचे ठरले होते. पण त्या परतल्या त्याच क्षयाने खंगून. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वय बावीससुद्धा पुरे नव्हते. कोल्हापूरच्या वॉर्डात त्यांना एक दिवसही काम करता आले नाही.

त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेला पाठवली. पकीप्सी गावी, त्यांच्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत, आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे.