आचऱ्याचे कानविंदे

रत्नागिरीच्या आसपास आज उभी राहणारी घरे पाहिली की अर्थशास्त्राच्या अध्यापकाला एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. आधी काँक्रीटचा सपाट स्लॅब घालावयाचा आणि पावसाळ्यात तो गळू लागला की त्यावर पत्र्याचे छप्पर चढवावयाचे! एका घराला दोन छपरांचा खर्च, आणि यालाच आपण आधुनिक घर म्हणतो. भारतात आधुनिक वास्तुकलेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक गृहस्थ याच भूमीतले होते.

अच्युत कानविंदे यांचा जन्म १९१६ साली आचरे येथे झाला. हे गाव आज सिंधुदुर्गात असले तरी १९८१ पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत होते. आई लहानपणीच गेली. वडील चित्रकलेचे शिक्षक. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात ते क्लॉड बॅटली यांच्या हाताखाली शिकले. बॅटली इंग्रज खरे, पण जुन्या भारतीय वास्तूंची मोजमापे घेऊन नकाशे काढण्यावर त्यांचा भर असे. पुढे कानविंदे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत रुजू झाले आणि १९४५ साली सरकारने त्यांना हार्वर्डला पाठविले. तेथे वॉल्टर ग्रोपियस हे त्यांचे गुरू. वास्तूचे रूप तिच्या उपयोगातून व बांधणीतून निघावे, वरून चिकटवू नये, ही त्यांची शिकवण. १९४७ साली परतल्यावर कानविंदे परिषदेचे मुख्य वास्तुशिल्पी झाले. नवस्वतंत्र देशाला प्रयोगशाळा हव्या होत्या आणि हाती पैसा थोडा होता. अशा वेळी नक्षीकाम टाळणे ही केवळ आवडीनिवडीची बाब नव्हती.

१९५५ साली शौकत राय यांच्यासह त्यांनी दिल्लीत स्वतंत्र व्यवसाय मांडला. पहिल्या काळातील इमारतींवर परदेशी वळण स्पष्ट दिसते, हे मान्य केले पाहिजे. पण इथल्या उन्हाने ते बदलत गेले. कानपूरच्या आय. आय. टी.त त्यांनी उघडी वीट व काँक्रीट वापरले आणि इमारतींना सावलीच्या मार्गांनी जोडले. त्या काळातील त्यांच्या घरांतही विटेला गिलाव्याखाली झाकण्याची धडपड नाही. मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत तर गरम हवा बाहेर काढणारे उंच झरोके हेच इमारतीचे रूप बनले. कौलांच्या फटींतून उष्ण हवा निसटू देणारे आपले चिऱ्याचे घर हेच काम करीत आले आहे. त्यांनी ते आचऱ्याहून उचलले असे मी म्हणणार नाही. हवेचा नियम दोन्हीकडे एकच.

१९७४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००२ च्या डिसेंबरात ते निवर्तले. मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र त्यांच्याच आराखड्याचे. कोकणातील शाळांच्या सहली तेथे जातात. मुले आतली यंत्रे पाहतात, टिपणे घेतात आणि इमारतीकडे न पाहताच एस. टी.त बसतात.